नियम सात आणि बाकापर्यंत येणारी माणसं

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी मोजणीदार बाईने बागेतल्या वाटेवर खडूने रेघ मारली. वाट तिथे सर्वांत अरुंद होती, जेमतेम सव्वादोन मीटर, आणि दोन्ही कडांना दिव्याचे खांब होते. एका खांबाच्या बुडापासून दुसऱ्या खांबाच्या बुडापर्यंत तिने रेघ ओढली, खडूचा चुरा फुंकरीने उडवला, घडीची खुर्ची उलगडून कोणाच्या पायात येणार नाही अशी कडेला ठेवली आणि दोन्ही हातांत एकेक टिकटिकी घेतली. टिकटिकी म्हणजे मुठीत मावणारं पत्र्याचं यंत्र. अंगठ्याने खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकतो. डाव्या हातातली बाजाराकडे जाणाऱ्यांची, उजव्या हातातली वस्तीकडे येणाऱ्यांची. दर पंधरा मिनिटांनी आकडा तक्त्यावर उतरवायचा. सात ते सात, लागोपाठ तीन दिवस, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी.

सात वाजले. पहिला माणूस इस्त्रीवाला. वस्तीच्या तोंडाशी त्याचं दुकान आणि बाजारात त्याची गिऱ्हाइकं, त्यामुळे डोक्यावर गाठोडं घेऊन तो दिवसातून चार फेऱ्या मारायचा.

"काय ताई, आज आमच्यावर पाळत?"

"वाटेवर आहे. तुमच्यावर नाही."

"मग वाट पळून जाणार आहे की काय?" असं म्हणून तो रेघेवरून गेला. डावा खटका वाजला.

पालिकेच्या वाहतूक खात्यात तिला सव्वीस वर्षं झाली होती. वय बावन्न. नाकासमोर चालणारी, बोलायला कमी, लिहायला नेमकी. लग्न आठ वर्षं टिकलं, त्याबद्दल ती एवढंच सांगायची. उजव्या अंगठ्याचं पेर सुजून कायमचं जाड झालं होतं. एका डॉक्टरने विचारलं होतं, शिवणकाम करता का? ती म्हणाली, नाही, माणसं मोजते. डॉक्टरला वाटलं, बाई फिरकी घेतेय.

शहरात कुठे झेब्रा पट्टे मारायचे, कुठे फूटपाथ रुंद करायचा, कुठली वाट ठेवायची आणि कुठली मिटवायची, हे निर्णय पालिकेच्या सभेत होत. पण सभेपुढे जो आकडा जाई तो या बाईच्या मुठीतून निघालेला असे. सभेत कोणाला हे ठाऊक नव्हतं, आणि कोणाला ठाऊक असावं असं तिलाही कधी वाटलं नव्हतं.

या वेळचं प्रकरण तसं सरळ होतं. बागेच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात बहुमजली वाहनतळ आणि त्यावर व्यापारी संकुल उभं राहणार होतं. शहराच्या आर्थिक विकासाच्या आराखड्यातलं ते पहिलं मोठं काम. दोनशे चाळीस जणांना नोकऱ्या लागतील असं ठरावाच्या मसुद्यात लिहिलं होतं, आणि ते काही अगदीच हवेतलं नव्हतं, कारण बाजारातली निम्मी दुकानं गाडी लावायला जागा नाही म्हणून ओस पडत चालली होती. अडचण एकच. संकुलाच्या जागेतून ही वाट जात होती. एका टोकाला वस्तीचं फाटक, दुसऱ्या टोकाला बाजार. पालिकेचा नियम असा की दिवसाला सरासरी सहाशे किंवा जास्त माणसं जात-येत असतील तर वाटेला पर्याय दिल्याशिवाय ती बंद करता येत नाही. सहाशेच्या आत असेल तर वाट गौण. गौण वाट ठरावाने बंद होते.

सहाशेचा हा आकडा ज्या पत्रात होता त्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता. मोजणी पुरी होईपर्यंत मोजणीदाराने तो बाहेर बोलायचा नसतो, नाहीतर लोक आकडा वाढवायला किंवा पाडायला येतात.

ती स्वतः याच वस्तीत राहत होती. हे तिने उपअभियंता साहेबांना आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणाली.

"म्हणून तर तुम्हाला पाठवतोय," साहेब म्हणाले. "तुमच्या आकड्यावर वस्तीतला कोणी बोट ठेवणार नाही."

सात वाजून चाळीस मिनिटांनी तिचे बाबा आले.

म्हणजे रेघेपर्यंत नाही. रेघेच्या बारा पावलं अलीकडे, वस्तीच्या बाजूला, एक सिमेंटचं बाक होतं. तिथपर्यंत ते वॉकर टेकत आले, वॉकर बाकाला काटकोनात लावला, दोन्ही हातांनी त्याचा दांडा धरून सावकाश वळले आणि बसले. घराच्या उंबऱ्यापासून बाकापर्यंत त्यांची दोनशे चौदा पावलं होत. सपाट वाट, मध्ये पायरी नाही, गाडी नाही. एकोणीस मिनिटं लागत. ते चौतीस वर्षं एका कचेरीत लिफ्ट चालवायचे. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरने मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, रोज चालवा, बाहेर चालवा, मध्ये टेकायला जागा हवी. ज्या दिवशी चालणं थांबेल त्यानंतर दोन महिन्यांत हे उठायचे नाहीत.

बाबांनी त्यावर टोमणा मारलाच. "आयुष्यभर वर-खाली केलं. आता म्हातारपणी हे मला आडवं जायला सांगतात."

बाकाच्या पुढे, रेघेपासूनच, वाट बाजाराकडे चढत जायची. चढ फार नव्हता. पण वॉकरला तो होता.

मोजणीदार बाईने बाबांकडे पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीने तिचं काम बिनचूक झालं होतं, तीच गोष्ट तिच्यासमोर वाटेवर पांढरी आखलेली होती.

अकरा वर्षांपूर्वी एसटी स्टँडसमोरच्या मोजणीत फाटकाशी रेघ मारली होती. फाटकात लोक उभे राहतात, फोनवर बोलतात, दोन पावलं आत येतात, दोन पावलं बाहेर जातात. त्या दिवशी आकडा फुगून दुप्पट झाला. तिने अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं: रेघ फाटकाशी मारू नये. फाटकापासून किमान चाळीस मीटर आत, वाट जिथे सर्वांत अरुंद असेल तिथे मारावी. रेघ पूर्ण ओलांडली तरच मोजावं. तेव्हाच्या अभियंत्याला ते इतकं पटलं की त्याने ते जसंच्या तसं खात्याच्या पुस्तिकेत घातलं. नियम सात. त्यावर तिचं नाव नव्हतं, पण टिपणाची कार्बन प्रत तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पालिकेचा सातवा नियम आमच्या लेकीचा."

नियम सातप्रमाणे बाबा या वाटेवर आलेच नव्हते.

त्यांच्यामागून शेजारची म्हातारी आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, दहा मिनिटांनी गेली. मग एक बाळंतीण बाबागाडी ढकलत बाकापर्यंत आली, चढ बघून तिथेच वळली. मग कुबड्या घेतलेला एक शिंपी. बाकापर्यंत. परत.

"बारा पावलं पुढे आलो तर मोजशील का?" बाबांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"बोलू नका बाबा. काम चालू आहे."

"लिफ्टमध्ये सुद्धा एवढं बोलू द्यायचे." थोडं थांबून ते म्हणाले, "येतो मी. जमेल. धरून धरून येतो."

"मोजणाऱ्याच्या ओळखीचा माणूस मुद्दाम आला तर त्याला मोजत नाहीत."

"हा नियम कितवा?"

"नववा."

"तोही तुझाच असेल."

"नाही. तो आधीपासून होता."

पंधरा मिनिटं संपली होती. तिने दोन्ही आकडे उतरवले. मग तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पेन्सिलीने चार काड्या ओढल्या. त्या मोजणीत जाणार नव्हत्या. कशात जाणार होत्या, हे तिलाही सांगता आलं नसतं.

साडेबाराला जेवणाच्या सुट्टीपुरता दुसरा मोजणीदार आला. त्याला खात्यात सगळे 'गोळाबेरीज' म्हणत, कारण त्याच्या तक्त्यावरचा प्रत्येक आकडा शून्याने नाहीतर पाचाने संपायचा. स्वभावाने गोड, कामाने सैल. ती डबा उघडून बाकावर बसली आणि तिथूनही डोळे रेघेवरच ठेवले.

"ताई, किती झाले?"

"दोनशे शहात्तर."

गोळाबेरजेने बोटांवर काहीतरी केलं. "म्हणजे दुपारची मंदी धरून संध्याकाळी साडेपाचशेच्या आसपास जाईल. सहाशेला कमी."

"हळू बोल."

"कोण आहे ऐकायला?" त्याने दोन्ही टिकटिक्या हातात खुळखुळवल्या. "ताई, माझा अर्धा तास आहे. अर्ध्या तासात माणसं किती जातील याचा काही नेम असतो का? कुठे लग्नाचं वऱ्हाडसुद्धा जाईल. तीन दिवस, तीन वऱ्हाडं. विषय संपला."

"तू मोजशील तेवढेच लिही."

"मी नेहमी तेच करतो."

"तू नेहमी काय करतोस ते मला माहीत आहे."

तो हसला. मग बाकाच्या दिशेने बघत आवाज खाली आणून म्हणाला, "बाबांचं बघा एकदा. दुसरं काही नाही म्हणत मी. वाट बंद झाली की या वयाला ते चालायला कुठे जाणार?"

तिने डबा बंद केला. निम्मा राहिला होता. उठून त्याच्या हातातून टिकटिक्या घेतल्या, आकडे पाहिले. सोळा मिनिटांत डावीकडे दहा, उजवीकडे पाच. बसल्या जागेवरून तिने स्वतः मोजले होते नऊ आणि चार. तिने नऊ आणि चार लिहिले.

"जा तू. सुट्टी झाली माझी."

"ताई, तुम्ही माणूस आहात की मीटर?"

तो रागावला नव्हता. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावलं नाही. खुर्चीवरच डबा मांडीवर घेऊन, एक घास एक खटका असं करत जेवली.

पहिला दिवस पाचशे एकसष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीवाला आपल्या तिसऱ्या फेरीला रेघेपाशी थबकला. गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"ताई, वस्तीत कुजबुज आहे. वाट बंद करणार म्हणतात. तुमच्या आकड्यावर ठरणार म्हणतात."

"मला काही सांगता येत नाही."

"किती लागतात तेवढं सांगा. जास्त काही नको. हजार? पाचशे?"

मागून येणाऱ्या दोन बायका रेघेवरून गेल्या, तिने दोनदा खटका दाबला.

"तुम्ही वस्तीतल्याच ना, ताई?"

"आहे."

"मग?"

"दादा, वाट अडते आहे. पुढे व्हा."

तो पुढे झाला. डावा खटका वाजला. तिला हे पुरतं ठाऊक होतं की एक शब्द, फक्त 'सहाशे' एवढा, तिने या माणसाच्या कानात टाकला असता तर संध्याकाळच्या आत अख्खी वस्ती बाजारात दोन चकरा मारून आली असती. त्यासाठी तिला एकही खोटी काडी ओढावी लागली नसती. फक्त तोंड उघडायचं होतं. सव्वीस वर्षं तिने ते उघडलं नव्हतं, आणि बाबांसाठी उघडलं की ते बाबांसाठीच उघडलं हे तिला आयुष्यभर माहीत राहिलं असतं.

दुसरा दिवस पाचशे अठ्ठ्याऐंशी. तिसरा पाचशे चौऱ्याहत्तर. सरासरी पाचशे चौऱ्याहत्तर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, रेघ पाण्याने धुऊन झाल्यावर, ती बाकावर बसली आणि तक्त्यांच्या मागच्या काड्या मोजल्या. पहिल्या दिवशी त्रेचाळीस, दुसऱ्या दिवशी अडतीस, तिसऱ्या दिवशी सेहेचाळीस. एकशे सत्तावीस खेपा, बाकापर्यंत येऊन परत गेलेल्या. रेघ फाटकाशी असती तर प्रत्येक खेप जाताना एकदा आणि येताना एकदा मोजली गेली असती. दोनशे चोपन्न. तिने तिथेच सरासरी काढली. सहाशे एकोणसाठ.

तिने पुन्हा एकदा काढली. तीच आली.

साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवताना तिने तो कागदही ठेवला. साहेबांनी वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कशात मोडतं?"

"कशातच नाही."

"नियमाप्रमाणे हे वाटेचे वापरकर्ते आहेत?"

"नियमाप्रमाणे नाहीत."

"मग मी काय करू? तुमचाच नियम आहे, बाई. अकरा वर्षं आपण यावरच मोजतोय." ते वाईट माणूस नव्हते. थोडा वेळ त्यांनी पेनाच्या टोपणाची उघडझाप केली. "शेऱ्यात टाका. परिशिष्ट म्हणून लावतो. सभेला तुम्हीही या, मागे बसा. कोणी विचारलंच तर."

"कोणी विचारेल?"

"परिशिष्ट?" साहेब म्हणाले. "आजवर कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही."

सभेच्या दिवशी तिने इस्त्रीची साडी नेसली. बाबा म्हणाले, "बढती मिळतेय का?" ती म्हणाली, "मागे बसायचंय." सभागृहात पंखे जोरात होते आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्यावर पाण्याचा पेला ठेवला होता. विषय चौदावा. बारा वाजून वीस मिनिटांनी तो पुकारला गेला. साहेबांनी प्रस्ताव वाचला, सरासरी सांगितली, 'गौण' हा शब्द उच्चारला. दोन सदस्यांनी वाहनतळ लवकर व्हावं म्हणून भाषण केलं. त्यातल्या एकाचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि तो खरंच कळकळीने बोलला: गेल्या वर्षी त्याच्या ओळीतली चार दुकानं उठली होती.

सभापतीबाई साठीच्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी गठ्ठ्याची शेवटची पानं उलटली. परिशिष्ट त्यांनी वाचलं होतं. एका ओळीखाली शिसपेन्सिलीची खूण दिसत होती.

"हे एकशे सत्तावीस कोण?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. ती उभी राहिली.

"जे बाकापर्यंत येतात आणि परत जातात ते."

"परत का जातात?"

"पुढे चढ आहे. म्हातारी माणसं असतात. वॉकरवाली, बाबागाड्या घेऊन आलेल्या आया."

"मग ही माणसं वाट वापरत नाहीत असं कसं म्हणायचं?"

"नियम सातप्रमाणे रेघ ओलांडावी लागते."

"हा नियम केला कोणी?"

साहेब घाईने म्हणाले, "खात्याचा जुना नियम आहे, मॅडम."

"मी केला," ती म्हणाली.

सभागृहात कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सभापतीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमचं म्हणणं असं आहे का, की नियम चुकीचा आहे?"

ती विचार करत उभी राहिली. हा प्रश्न घरी रोज रात्री तिने स्वतःला विचारला होता, पण तिथे उत्तर द्यावं लागत नव्हतं. या नियमाने अकरा वर्षांत एकशे साठावर मोजण्या झाल्या होत्या. नियम चुकीचा म्हटला की त्या सगळ्या चुकीच्या. त्यांवर ठेवलेले आणि मिटवलेले सगळे रस्ते चुकीचे. आणि ते खरं नव्हतं. एसटी स्टँडसमोर तो नियम बरोबर होता.

"नियम बरोबर आहे," ती म्हणाली. "या वाटेवर तो चुकला."

"एका वाटेपुरता नियम बदलता येत नाही, बाई. मग उद्या प्रत्येक जण आपल्या वाटेचा नियम घेऊन येईल." सभापतीबाईंचा आवाज कठोर नव्हता. "फेरमोजणी?"

"निविदेची मुदत एकतीस तारखेला संपते," साहेब म्हणाले. "फेरमोजणीला तीन महिने लागतील."

सभापतीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ज्येष्ठ नागरिकांसाठी पर्यायी बाकाची व्यवस्था करावी, या दुरुस्तीसह ठराव मंजूर झाला. बारा वाजून सत्तावीस मिनिटं. विषय पंधरावा.

पंधरा दिवसांनी वस्तीच्या फाटकाला आडवे पत्रे ठोकले. पर्यायी बाकही आलं, ठरावात होतं म्हणून आलंच. वस्तीच्या मागून जाणाऱ्या रिंगरोडच्या पलीकडच्या कडेला, झाडाच्या सावलीत, चांगलं पाठ टेकायचं बाक. तिथे जायला रस्ता ओलांडावा लागत होता, आणि तिथे पट्टे नव्हते, कारण पट्टे मारायला तिथून दिवसाला ठरावीक माणसं ओलांडताना मोजली जावी लागतात, आणि तिथे ओलांडायला कोणी धजत नव्हतं. साहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. पुढच्या आर्थिक वर्षात बघू म्हणाले.

सहाशेचा आकडा आता वस्तीत सगळ्यांना कळला होता. इस्त्रीवाला दारात आला. आत आला नाही.

"सव्वीस माणसं कमी पडली, ताई. सव्वीस. माझ्या एका चुलत्याच्या घरात तेवढी आहेत."

ती उंबऱ्यापाशी आली.

"एक शब्द टाकला असतात."

"हो."

"मग का नाही टाकलात?"

आतून बाबा म्हणाले, "अरे, तिला विचारून काय उपयोग? तिला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो." ते चेष्टेने म्हणाले, जसे नेहमी म्हणायचे. पण या वेळी कोणी हसलं नाही, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाही ते कळलं.

पहिल्या आठवड्यात बाबा सवयीने सकाळी निघायचे. पत्र्यापर्यंत जायचे, पत्र्यावर तळहात ठेवायचे, परत यायचे. पंच्याण्णव पावलं आणि मध्ये टेकायला काही नाही. दुसऱ्या आठवड्यात तिथे खडी टाकली गेली, मग तेही संपलं. रिंगरोडच्या कडेने बाजारात जायला सव्वा किलोमीटर होता आणि फूटपाथ नव्हता. तिने घरात चालवायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दारापर्यंत अकरा पावलं. वीस वेळा जायचं, वीस वेळा यायचं. ती हातात टिकटिकी घेऊन उभी राहायची.

"ती ठेव आधी खाली," बाबा एकदा म्हणाले.

"चुकू नये म्हणून."

"चुकलं तर काय होईल?"

तिने टिकटिकी फळीवर ठेवली. त्या दिवशी ते सहा वेळा गेले की सात वेळा, दोघांनाही सांगता आलं नाही.

"खोलीत चालायचं म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं आहे," ते म्हणाले. "माणूस हलतो, पण पोचत नाही." मग त्यांनी चालणं कमी केलं. पाचव्या आठवड्यात ते खुर्चीतून उठायला तिचा हात मागू लागले. सातव्या आठवड्यात दोन माणसं लागायला लागली. नवव्या आठवड्यात डॉक्टर घरी आला, पाय दाबून बघितले, आणि पुन्हा तिला बाजूला घेतलं. या वेळी त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं. दर तीन तासांनी कूस बदला म्हणाला, पाठीला जखमा होता कामा नयेत.

तिने खात्यात अर्ज दिला. नियम सातमध्ये दुरुस्ती सुचवणारा, दीड पानाचा: जिथे रेघेच्या अलीकडे बसायची जागा असेल किंवा पलीकडे चढ असेल, तिथे दोन रेघा माराव्यात. पोच मिळाली. अर्ज समितीकडे आहे. गोळाबेरजेने तो वाचला आणि पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही. "ताई, हे बरोबर आहे," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आता बरोबर आहे."

कार्बन प्रतीची प्लॅस्टिकची पिशवी अजून कपाटात आहे. तिने ती फाडली नाही. अर्जाची प्रत तिने त्याच पिशवीत घातली.

दुपारची अडचण होती. ती कामावर असताना बाबांची कूस बदलायला कोण? तिने कोणाला विचारलं नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून होते, आणि सकाळी ती त्यांचं तोंड खिडकीकडे करून गेली होती.

"कोण आलं होतं?"

"इस्त्रीवाला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याला आता बाजारात फेरी नाही ना. गिऱ्हाइकं तुटली. रिकामा असतो दुपारचा."

"काही म्हणाला?"

"मला म्हणाला, म्हाताऱ्या, तू वजनाला फार आहेस. तुझं नाव नाही काढलं."

दुसऱ्या दिवशी तिने घराची दुसरी किल्ली त्याच्या दुकानाच्या फळीवर ठेवली. तो इस्त्री फिरवत होता. त्याने किल्लीकडे पाहिलं, इस्त्री उभी ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा इस्त्री उचलली. तिच्याशी तो अजून बोलत नाही. समोरून आला तर रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जातो.

वाहनतळाचे पहिले दोन मजले वर्षभराने, गेल्या आठवड्यात उघडले. दोनशे चाळीसपैकी एकतीस नोकऱ्या आजवर लागल्या आहेत आणि त्यातल्या दोन वस्तीतल्या पोरींना मिळाल्या. गाड्या किती येतात याची मोजणी उद्यापासून आहे. आदेश काल निघाला. साहेबांची सही, मोजणीदार म्हणून तिचं पद, आणि खाली नेहमीची ओळ: रेघ नियम सातप्रमाणे, प्रवेशापासून चाळीस मीटर आत. तिने नकाशावर अंतर मोजून पाहिलं. ते बाक जिथे होतं त्याच्या चार मीटर पलीकडे येतं.

आज रात्री तिने खडू, लिहायची फळी, तक्ते आणि टिकटिक्या पिशवीत भरून ठेवल्या. उद्या सहा वाजता ती बाबांचं तोंड खिडकीकडे करेल, सहा वीसला निघेल. मोजणी सातला सुरू होते. नऊला कूस बदलायची असते. तेव्हा शेजारची म्हातारी खिडकीतून डोकावते, पण तिच्याने कूस बदलवत नाही. बारा वाजता इस्त्रीवाला येईल. किल्ली त्याच्याकडेच आहे.